जुन्या ओबीएममधून काय गळतंय आणि कुठून?

जुनी आउटबोर्ड मशीन (ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन) विकत घेतली की पहिल्या काही दिवसांतच जमिनीवर काळा डाग दिसतो. विकणारा म्हणतो, "जुनी मशीन आहे, थोडं गळणारच." कधी तो खरं बोलत असतो. कधी मात्र गिअरबॉक्समध्ये खारं पाणी शिरून बसलेलं असतं आणि बेअरिंगला गंज चढत असतो. गंमत अशी की दोन्ही डाग वरून जवळपास सारखे दिसतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच ठरवायचं: खाली पडतंय ते नक्की काय आहे? नवखा माणूस नेमका उलटा जातो. दिसेल तो बोल्ट आवळतो, ॲल्युमिनियमचे आटे मारतो आणि गळती होती तिथेच राहते.

हा लेख मुख्यतः ९.९ ते ४० हॉर्सपॉवरच्या, कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मशीनबद्दल आहे. कोकणातल्या फायबरच्या होड्यांवर दिसणाऱ्या जुन्या यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, जॉन्सन, एव्हिन्रूड यात येतात. फोर-स्ट्रोकबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी वास घ्या, मग बोट लावा

मशीनच्या खाली पांढरा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरा. पडलेला थेंब कागदावर पाहिला की बरंच कळतं.

पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण पातळ असतं, लगेच पसरतं. पेट्रोल उडून जातं आणि मागे ऑइलचा हलका निळसर किंवा हिरवट पापुद्रा राहतो, कारण कंपन्या टू-टी ऑइलमध्ये रंग घालतात. रॉकेलवर चालणारी मशीन असेल तर डाग उडत नाही, नुसता पसरत जातो. त्यामुळे रॉकेलची बारीक गळतीही फार मोठी वाटते.

गिअर ऑइल घट्ट, चिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. एकदा ओळखला की हा वास विसरत नाही. दुकानातून आणलेल्या नव्या बाटलीचं झाकण उघडून वास घेऊन ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तेच तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसत असेल तर आत पाणी गेलंय, वेगळा पुरावा नको.

काळं, पातळ, धुराचा वास येणारं आणि हाताला काजळी लावणारं तेल म्हणजे अर्धवट जळालेलं टू-टी. ते सायलेन्सरच्या वाटेने आलेलं असतं.

बटणाने वर-खाली होणारी मशीन असेल तर त्यात हायड्रॉलिक तेलही असतं. ते स्वच्छ, बुळबुळीत, पुष्कळदा लाल रंगाचं असतं. आणि साधं पाणी असेल तर ते वाळू द्या. पांढरा थर उरला की खारं पाणी समजायचं.

मशीन धुवा, नाहीतर सगळंच गळतंय असं वाटेल

वीस वर्षांची चिकट घाण अंगावर असताना गळती शोधण्यात अर्थ नाही. वरचं कव्हर काढा. बॅटरी असेल तर तिची वायर सोडा, किल-स्विचची दोरी काढा. ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन ब्लॉक, कार्ब्युरेटरचा खालचा भाग, मधला खांब आणि गिअरकेस (खालचं, गिअरबॉक्सचं घर) धुवून काढा. वायरिंग आणि कॉइलवर रॉकेल उडू देऊ नका. मग गोड्या पाण्याने हलकं धुवून पूर्ण सुकवा.

आता मशीन स्टँडवर किंवा लाकडी घोडीवर सरळ उभी करा. आडवी किंवा वर उचललेली ठेवलीत तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल आणि पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) बोशातून, म्हणजे मधल्या पोकळ भागातून, काळं तेल येणारच. ती गळती नव्हे. जिथे संशय आहे तिथे टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकरीने उडवा. ओल आली की त्या जागी पावडर गडद होते आणि वाट आखल्यासारखी दिसते.

मग तीन वेगवेगळ्या वेळी पाहायचं. एक, रात्रभर थंड उभी राहिल्यावर. दोन, पाण्याच्या पिंपात चालू असताना. तीन, बंद करून ती गरम असतानाच. थंड उभी असताना येणारा थेंब बहुधा इंधनाचा किंवा गिअर ऑइलचा असतो. फक्त चालू असताना दिसणारी ओल थंडाव्याच्या पाण्याची किंवा क्रँककेसच्या (क्रँकच्या घराच्या) सांध्याची असू शकते. पिंपातलं पाणी गिअरकेसच्या पाणी ओढणाऱ्या जाळीच्या बरंच वर असू द्या. कोरडी मशीन "फक्त दोन मिनिटं" चालवणं म्हणजे पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर फुकट घालवणं. ते काही सेकंदांतच जळायला लागतं.

गळती कुठलीही शोधताना नियम एकच. ओल जिथे सर्वांत वर सुरू होते ती जागा धरा. खालचा थेंब फक्त कुठे पडायचं ते दाखवतो.

पंख्यातून येणारं काळं तेल

नवख्यांना सर्वांत जास्त घाबरवणारी आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी गोष्ट म्हणजे ही. यातल्या बहुतेक मशीनचा धूर पंख्याच्या मधल्या बोशातून बाहेर जातो. टू-स्ट्रोक हळू चालवली, जाळी टाकताना किंवा गळ ओढताना तासन्‌तास आयडलवर ठेवली, की सगळं ऑइल जळत नाही. ते खांबाच्या आत साठतं आणि मशीन वर उचलली की पंख्यातून टपकतं. लोक लगेच म्हणतात, "गिअर ऑइल गळतंय."

खात्री करायला गिअरकेसचा वरचा स्क्रू सोडा. तेल त्या भोकाच्या पातळीला आहे आणि स्वच्छ आहे, तर गिअरबॉक्सला तूर्तास दोष देऊ नका. त्याऐवजी मिश्रण तपासा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल. काही जुन्या मशीनना २५:१ लागतं, म्हणजे ४० मिली. मशीनच्या माहितीपुस्तकात जे लिहिलंय तेच घाला. "इंजिनाला बरं" म्हणून अंदाजाने दुप्पट ऑइल घालायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने प्लग काळे होतात आणि हा डाग वाढतो.

गिअरबॉक्स: इथे मात्र घाई नको

खरी महागडी गळती ही. आणि तिचा त्रास असा की तेल बाहेर न येताही पाणी आत जातं. चालताना गिअर ऑइल तापतं, फुगतं आणि आत दाब तयार होतो. इंजिन बंद केलं की भोवतीच्या थंड समुद्रामुळे केस झटकन निवते, आतला दाब उतरतो आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढलं जातं. जमीन कोरडी, मशीन स्वच्छ, आणि आत मात्र चहा. म्हणून गिअरबॉक्सचा निकाल जमिनीवरच्या डागावर लावू नका.

तपासणी अशी करा. मशीन रात्रभर सरळ उभी ठेवा, सकाळी चालू करू नका, पंखाही फिरवू नका. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाला बसलेलं असतं. खालचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा ढिला करा आणि पहिले थेंब पारदर्शक भांड्यात घ्या. आधी पाणी आलं, मग तेल, तर पाणी शिरलंय. सुरुवातीपासूनच दुधाळ आलं तर ते घुसळून एकजीव झालंय, म्हणजे पाणी घेऊन मशीन चालवली गेली आहे. पहिल्या थेंबालाच स्वच्छ तेल आलं तर स्क्रू परत आवळा.

जुन्या जॉन्सन आणि एव्हिन्रूडवाल्यांसाठी एक इशारा. त्यांच्या अनेक मॉडेलना तेल सोडायच्या स्क्रूजवळच अजून एक फिलिप्स स्क्रू असतो. तो तेलाचा नाही, आतला गिअर बदलायचा कांटा धरून ठेवणारा आहे. तो काढलात तर गिअर लागणं बंद होतं आणि सगळा गिअरकेस उघडावा लागतो. शंका असेल तर पुस्तक बघा.

खालच्या स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावरची राखाडी लेप चालते. जुन्या गिअरला तेवढं झिजणं आहे. टोकदार तुकडे किंवा नखाला लागतील असे कण दिसले तर सील बदलण्याआधी गिअर बघावे लागतील.

पाणी कुठून शिरलं हे स्वस्तापासून महागाकडे शोधत जा. आधी दोन्ही स्क्रूंची वॉशर. ही प्रत्येक वेळी नवी घालायची असतात, आणि कोणीही घालत नाही. माझ्या मते निम्म्या "सील गेलं" तक्रारी खरं तर चपट्या झालेल्या जुन्या वॉशरच्या असतात.

मग पंखा काढा. आधी प्लगच्या वायर सोडून ठेवा, म्हणजे हाताने पंखा फिरवताना इंजिन चुकूनही सुरू होणार नाही. कॉटर पिन, नट, पंखा, मागची थ्रस्ट वॉशर अशा क्रमाने, काढलेली वस्तू त्याच क्रमाने कापडावर मांडत. पंख्यामागे शाफ्टभोवती तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला सापडणं ही कोकणातली नेहमीची गोष्ट. वाहतं जाळं किंवा तुटलेली गळाची दोरी पंख्यात आली की ती मागे सरकत सीलच्या ओठात घुसते, गरम होते आणि रबर कापते. तंगूस चिमट्याने अख्खा काढा. मग सील जिथे टेकतं तिथे शाफ्टवर नख आडवं फिरवा. खाच लागली तर नवं सीलही फार दिवस धरणार नाही. अशा वेळी फिटर सील किंचित पुढे-मागे बसवून ते चकचकीत जागेवर टेकवतो, तेवढी जागा नसेल तर शाफ्ट बदलावा लागतो.

पुढचे संशयित म्हणजे बेअरिंगच्या घराची ओ-रिंग, गिअर बदलणाऱ्या दांड्याची ओ-रिंग आणि पाण्याच्या पंपाखालचं उभ्या शाफ्टचं सील. हे शेवटचं सर्वांत जास्त विसरलं जातं, कारण त्यासाठी गिअरकेस खाली उतरवावी लागते. इम्पेलर बदलायला ती उतरवतच असाल तर हे सीलही त्याच वेळी घाला, मजुरी वाचते. आणि केसच्या खालच्या पात्याला खडपावर आदळल्याच्या खुणा असतील तर केसाएवढी चीर आहे का ते रॉकेलने पुसून, उजेडात तिरकं धरून बघा.

*दाब देऊन पाहणं.* अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे बरं. तेल पूर्ण काढा, एक स्क्रू नव्या वॉशरसह बंद करा, दुसऱ्या भोकाला दाबमापक आणि सायकलच्या पंपाची नळी लावा. १० पीएसआयपर्यंत हवा भरा. १५ च्या वर जाऊ नका, चांगलं सीलही सरकू शकतं. आता काटा पाच मिनिटं पाहा. हललाच नाही तर पंख्याचा शाफ्ट हाताने सावकाश फिरवा आणि गिअरचा दांडा हलवा, कारण काही सील स्थिर असताना धरतात आणि फिरताना सोडतात. काटा उतरला तर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा, किंवा गिअरकेस उतरवलेली असेल तर सरळ पिंपात बुडवा. बुडबुडे जागा दाखवतील.

दाबाला टिकलं म्हणून प्रकरण संपत नाही. पंख्याच्या शाफ्टवर बहुधा दोन सील असतात. एकाचा ओठ आतल्या तेलाला अडवतो, दुसऱ्याचा बाहेरच्या पाण्याला. दाबाने पहिलंच तपासलं जातं. दुसऱ्यासाठी निर्वात पंप लागतो, तो चांगल्या फिटरकडे असतो. तेल दुधाळ, पण दाबाला सगळं ठीक, असं झालं की याच चाचणीसाठी पैसे मोजा.

तेल भरताना ते खालच्या भोकातून वर ढकलत भरायचं. वरून ओतलं तर हवा अडकते आणि गिअर अर्धे कोरडे राहतात. वरच्या भोकातून बुडबुडे न येता तेल वाहू लागलं की आधी वरचा स्क्रू बंद करा, मगच खालची नळी काढून खालचा स्क्रू लावा. या आकाराच्या मशीनना साधारण पाव ते अर्धा लिटर तेल लागतं. नेमकं माप आणि ग्रेड पुस्तकात असतो. ट्रकचं पडून राहिलेलं तेल घालू नका, समुद्रातल्या गिअरबॉक्ससाठीचं वेगळं मिळतं.

इंधन

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साठते. त्यामुळे ही तपासणी उघड्यावर, विडी-सिगारेट दूर ठेवून.

टाकीची नळी जोडा आणि रबरी फुगा दाबत राहा. तो कडक झाला आणि कडक राहिला तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळं धरतंय. कडक झाल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल वाहू लागलं तर फ्लोटची सुई बसत नाही. कचरा अडकलेला असेल, सुई झिजलेली असेल किंवा फ्लोटच पेट्रोल पिऊन जड झाला असेल. वाटीच्या सांध्यावर ओल असेल तर गॅस्केट. फुगा कधीच कडक होत नसेल तर त्याच्या झडपा, टाकीचा आणि मशीनचा कपलर आणि त्यांतल्या छोट्या ओ-रिंग बघा.

इंधन पंपातला पडदा फाटला की दोन प्रकार होतात. कधी पंपाच्या कडेने बाहेर थेंब येतो. कधी काहीच बाहेर येत नाही, कारण हा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो आणि फाटक्या पडद्यातून पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातं. मशीन धूर करते, एका सिलिंडरचा प्लग सतत ओला निघतो आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

थेंबच न पडणारी आणखी एक गळती म्हणजे हवेची. मशीन छान चालते, थोड्या वेळाने दम सोडते, फुगा दाबला की परत धावते. असं झालं की ओढणीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे किंवा पंप दमला आहे. नळ्या वाकवून बघा. वळणावर भेगा दिसल्या तर तुकडा कापून जोडू नका, अख्खी नळी बदला. आता आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या मशीनचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं किंवा आतून सोलतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवणं टाळा.

पाणी

मागच्या बारीक भोकातून पडणारी पाण्याची धार ही गळती नाही, ती हवीच. कव्हरच्या आत ब्लॉकवर पांढऱ्या मिठाचे ओघळ दिसले तर मात्र तिथून पाणी झिरपतंय: हेडची गॅस्केट, थर्मोस्टॅटचं झाकण किंवा धुराच्या कव्हरचा सांधा. मीठ वाळून राहतं, त्यामुळे मशीन बंद असतानाही ही वाट वाचता येते. दोन प्लगपैकी एकच संशयास्पद स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उघडावं लागेल. जुने बोल्ट मिठाने धरलेले असतात. ताकद लावली की डोकं तुटून हातात येतं, म्हणून गंज सोडवणारं तेल, थोडी ऊब आणि एक दिवसाचा धीर.

क्रँकचे सील आणि बाकीचं

फ्लायव्हीलच्या खाली तेलकट चकाकी असेल तर क्रँकचं वरचं सील बघा. टू-स्ट्रोकमध्ये ही नुसती घाण नाही. ज्या वाटेने तेल बाहेर येतं त्याच वाटेने हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून धरतो. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. हातोडा मारून काढू नका.

बटणावर चालणाऱ्या मशीनचा हायड्रॉलिक दांडा तेलकट असेल तर त्याचं सील गेलंय. रात्री वर उचललेली मशीन सकाळी आपोआप खाली आलेली दिसली आणि थेंब कुठेच नाही, तर तेल आतल्या आत निसटतंय. आधी हाताने सोडायचा व्हॉल्व्ह नीट बंद आहे का ते बघा, पुष्कळदा एवढंच असतं.

फोर-स्ट्रोकमध्ये दांडी काढून इंजिन ऑइल बघा. पातळी वाढलेली आणि तेलाला पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल तेलात उतरतंय. पातळी वाढलेली आणि तेल दुधाळ असेल तर पाणी. आणि ही मशीन वाहतुकीत आडवी ठेवायची असेल तर कुठल्या कुशीवर हे पुस्तकात बघूनच, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये जातं.

कधी करायचं, आणि दुरुस्तीनंतर काय

आपल्याकडे सगळे मशीनकडे नारळी पौर्णिमेच्या तोंडावर वळतात. गिअरबॉक्ससाठी हे उशिराचं आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली असते, आणि त्या दोन महिन्यांत आतलं खारं पाणी बेअरिंगवर बसून राहतं. खालचा स्क्रू मेअखेरीस ढिला करून पाहा. दुधाळ निघालं तर सील मिळेपर्यंत निदान तेल बदलून ठेवा.

सील बदलून नवं तेल भरल्यावर पहिल्या फेरीनंतरचं तेल किंचित धुरकट निघालं तर दचकू नका. केसच्या कोपऱ्यांत जुना चहा उरलेला असतो. तेल पुन्हा बदला, पुन्हा फेरी मारा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी पहिले थेंब बघा. हे तेल स्वच्छ असेल तर नेहमीच्या वेळापत्रकावर जा. पुन्हा दुधाळ आलं तर तेच सील तिसऱ्यांदा बदलू नका. शाफ्टवरची खाच, केसची चीर आणि बेअरिंगचा खेळ फिटरकडून तपासून घ्या आणि त्याच्या अंदाजपत्रकाशेजारी वापरलेल्या अख्ख्या गिअरकेसची किंमत लिहून बघा. एव्हिन्रूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, जॉन्सनचं त्याच्याही आधी, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अख्खी केस शोधणंच पुष्कळदा स्वस्त पडतं.